सिटी व्हीटेकचा कॅम: टॅपेटची गॅप बरोबर, तरी टकटक का?

आधी गाडीबद्दल. होंडा सिटी १.५ व्हीटेक (व्हीटेक म्हणजे आरपीएमप्रमाणं व्हॉल्व्ह उघडायची चाल बदलणारी होंडाची पद्धत), २००२ चं मॉडेल, म्हणजे ती पहिलीवाली चौकोनी सिटी. १४९३ सीसी, एकच ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा, त्यालाच आम्ही कॅम म्हणतो), १६ व्हॉल्व्ह, १०६ बीएचपी आणि वजनाला हलकी. २००३ मध्ये हिच्या जागी जी नवी सिटी आली तिच्यात ७७ बीएचपीचं आय-डीएसआय इंजिन होतं, मायलेजला भारी पण ही ओढ तिच्यात नव्हती, म्हणून जुनी व्हीटेक ज्याच्याकडं आहे तो सहसा विकत नाही, आणि विकलीच तर घेणाराही तिला जीव लावणाराच असतो. आमच्या गॅरेजकडं आलेली गाडी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका काकांची. त्यांनीच नवी घेतली, पण नंतरची बरीच वर्षं ती बाजार, बँक आणि देवळापुरतीच चालली, आणि आता पुतण्याकडं आली. पुतण्या कॉलेजात शिकवतो, गाडी मनापासून सांभाळतो, पंधरा वर्षांनंतरचं आरटीओचं नूतनीकरण वगैरे सगळं नीट केलेलं.

त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगतो, "भाऊ, टकटक करून राहिली, अन् वर ओढूनच नाही राहिली." म्हणजे आयडलवर वरच्या बाजूनं, व्हॉल्व्ह कव्हरखालून टकटक, गरम झाल्यावरही न जाणारी, हलकी थरथर, आणि साडेचार हजार आरपीएमच्या पुढं जिथं हे इंजिन खरं जागं होतं तिथंच दम गेलेला. हे सगळं समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आल्यावर वाढलं असं त्याचं म्हणणं होतं. नागपूर ते शिर्डी ५२० किमीचा तो पट्टा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, आणि आयुष्यभर धरमपेठ ते बर्डी (सीताबर्डी) एवढीच फिरलेली गाडी तिथं तासन् तास एकाच वेगात चालली.

आमच्याआधी ती दुसरीकडं दाखवून झाली होती. टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली गॅप लावली, काही दिवसांनी परत सेट केले, मग कोणीतरी सांगितलं व्हीटेकचा सोलेनॉइड (व्हीटेककडं तेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गेला म्हणून तो जुन्या बाजारातला आणून लावला, मग आवाज दबावा म्हणून जाड तेल टाकलं. प्लग आणि केबल पण नवीन. एवढं करूनही टकटक तशीच. मालक वैतागून म्हणाला, कॅमच बदलून टाका, आणि बदलताय तर जरा गरम कॅम टाका, रेसिंगवाला. ते नंतर सांगतो, कारण कॅम बदलायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं पाहिजे होती: कॅम खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कशामुळं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न शोधता नवीन कॅम बसवला की तोही त्याच वाटेनं जातो, हे मी या धंद्यात बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

आता टॅपेटचं. फिलर गेज घालून गॅप पाहिली तर मॅन्युअलच्या आसपासच होती. होंडाच्या या डी-सिरीज व्हीटेक इंजिनांत इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७ मिमी अशी गॅप असते, थंड इंजिनवर. मग गॅप बरोबर असताना टकटक कशी? इथंच आधीचे सगळे अडकले होते. गॅप मोजताना कॅमचा लोब, म्हणजे रॉकरला ढकलणारा त्याच्यावरचा उंचवटा, अशा जागी असतो की रॉकर लोबच्या गोल पाठीवर, म्हणजे बेस सर्कलवर टेकलेला असतो. झीज मात्र होते ती लोबच्या नाकावर, जिथं स्प्रिंगचा पूर्ण जोर पडतो. नाक घासून बसलं तरी पाठ जशीच्या तशी राहते, त्यामुळं फिलर गेज इमानदारीनं सांगतं की सगळं ठीक आहे. ते खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीच्या जागेचा प्रश्न विचारतो. आणि रॉकरच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर खड्डा पडला असेल तर तो खड्डा ओलांडताना आवाज येतो, तोही या गॅपमध्ये दिसत नाही.

कम्प्रेशन पाहिलं, चारही सिलेंडर जवळपास सारखे. हेही फसवणारं आहे, कारण स्टार्टरवर इंजिन फिरवताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कमी उघडला म्हणून दाब कमी येत नाही, हवा आत येतेय, दाबली जातेय, आकडा चांगला. पण इंजिन चालू असताना जळलेला गॅस पूर्ण बाहेर जायला पाहिजे, तो गेला नाही की पुढचा ताजा चार्ज कमी येतो, आणि जसे आरपीएम वाढतात तसा वेळ कमी पडतो, म्हणून वर जाऊन दम तुटतो. आयडलवर एकेक इंजेक्टरचं कनेक्टर काढून पाहिलं, (प्लगची केबल काढून बघू नका, कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं) पहिल्या तिघांना आरपीएम चांगले पडले, चौथ्याला नुसते हलल्यासारखे झाले. म्हणजे चौथा सिलेंडर आपला वाटा पूर्ण देत नव्हता.

खरा पुरावा डायल गेजनं मिळतो आणि त्यासाठी हेड काढायची काही गरज नाही. व्हॉल्व्ह कव्हर उघडायचं, चारही प्लग काढायचे म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं, गेजची सुई व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर) टेकवायची आणि क्रॅंक हळूहळू फिरवत व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजायचं. हेड अॅल्युमिनियमचं आहे त्यामुळं मॅग्नेटचा बेस त्यावर चिकटत नाही, आम्ही कव्हरच्या स्टडवर एक लोखंडी पट्टी कसून त्यावर बेस लावतो. आणि एक महत्त्वाचं, हे इंजिन उलटं फिरतं, पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या विरुद्ध. बाकी बऱ्याच गाड्यांच्या सवयीनं लोक पाना लावून सरळ फिरवतात, त्यानं टायमिंग बेल्टची ढिली बाजू चुकीच्या ठिकाणी येते आणि जुना बेल्ट असेल तर दात सरकू शकतो, आणि बेल्ट सरकला की या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात.

मोजलं. पहिल्या तिन्ही सिलेंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपापसात जवळपास सारखे उघडत होते. चौथ्याचा एक व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटरच्या आसपास कमी, दुसरा थोडा कमी. इनटेकचे सगळे ठीक. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, कॅम गेलाय, आणि व्हीटेकचा सोलेनॉइड बिचारा उगाच बदलला गेला.

मालकाला बोलावून सुई फिरताना दाखवली. मी हे नेहमी करतो, गिऱ्हाईकानं स्वतःच्या डोळ्यानं आकडा पाहिला की पुढच्या खर्चाचं बोलणं सरळ होतं. तो पाहून गप्प झाला आणि म्हणाला, "इतके दिवस कोणी हे लावूनच नाही पाहिलं जी." खरं आहे, डायल गेज प्रत्येक लेथवाल्याकडं असतं, गॅरेजवाल्याकडं क्वचित, आणि ते महाग पण नाही.

मग उघडलं. या कामात सगळ्यात आधी इंजिन पहिल्या सिलेंडरच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असेल तिथं आणायचं, कॅमच्या पुलीवर 'अप' लिहिलेली खूण वर, आणि दोन्ही बाजूच्या आडव्या खाचा हेडच्या वरच्या पातळीशी जुळलेल्या. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकालाच बसतो, तो काढायच्या आधी त्याच्या जागेची खूण करून ठेवली. टॅपेटचे सगळे स्क्रू ढिले केले, आणि मग कॅमच्या कॅपचे बोल्ट आलटून पालटून, प्रत्येकी दोन-दोन आटे. एकदम एका बाजूनं सोडले तर स्प्रिंगच्या जोरानं कॅम वाकडा उचलला जातो आणि कॅप नाहीतर कॅम दोघांपैकी एक तुटतं. बोल्ट सुटले तरी ते कॅपमधून बाहेर काढायचे नाहीत, त्यांच्यावरच रॉकर, स्प्रिंग आणि शाफ्ट एकत्र राहतात. पूर्ण असेंब्ली एका उचलीत वर येते.

व्हीटेकमध्ये यापुढं अजून एक काळजी आहे. इनटेकला प्रत्येक सिलेंडरला तीन रॉकर असतात, बाजूचे दोन आणि मधला एक, आणि कॅमवर त्यांचे तीन वेगळे लोब. खाली कमी आरपीएमला मधला रॉकर मोकळा हलत असतो, कुठल्याच व्हॉल्व्हला ढकलत नाही, आणि वर गेल्यावर तेलाच्या दाबानं आतल्या पिना सरकतात आणि तिघं एक होतात, मग मधला मोठा लोब दोन्ही व्हॉल्व्हना आपल्या चालीनं उघडतो. त्या पिना रॉकरच्या आत मोकळ्याच असतात, म्हणून असेंब्ली काढली की प्रत्येक तिकडीला रबर बँड बांधायचा, नाहीतर पिना घरंगळून बाकावर येतात आणि कुठली कुठं होती कळत नाही. ही सूचना मॅन्युअलमध्येच आहे, पण आमच्याकडं दुसऱ्यांनी उघडलेली काही हेडं अशी आली आहेत की ज्यात पिना उलट्या बसवलेल्या होत्या.

कॅम बाकावर ठेवला तेव्हा न मोजताही दिसत होतं. चौथ्याच्या एका एक्झॉस्ट लोबचं नाक बसलेलं, त्यावर खरवडल्यासारख्या रेघा, आणि त्याच्या रॉकरची घासपट्टी चकचकीत असायच्या ऐवजी खड्डा पडून खरबरीत. शेजारचा लोब त्याच रस्त्यानं निघालेला. जर्नल (ज्यांच्यावर कॅम टेकून फिरतो ते गोल भाग) मात्र सगळे गुळगुळीत, कॅपमधली जागा प्लास्टिगेजनं, म्हणजे दाबून फट मोजायच्या मऊ दोऱ्यानं पाहिली, ०.१५ मिमीच्या मर्यादेच्या बरीच आत. म्हणजे अख्ख्या इंजिनात तेल नव्हतं असं नाही, एका ठिकाणी पोचत नव्हतं.

कुठं अडलं ते शोधायला रॉकर शाफ्ट सुटे केले. हे शाफ्ट आतून पोकळ असतात, त्यातूनच तेल येतं, छिद्रांतून रॉकरला मिळतं आणि तिथून उडून लोबवर पडतं. एक्झॉस्टच्या शाफ्टचं चौथ्या सिलेंडरकडचं छिद्र काळ्या, सुकलेल्या गाळानं जवळपास बंद होतं, एक बारीक तार घालायलाही जोर लागला. बाकीची छिद्रं अर्धी-मुर्धी उघडी. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर ओढणारा) हलवला तर वाजला नाही, चिकटलेला. व्हीटेक सोलेनॉइडच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते ती पण अर्धी भरलेली, आणि दुसरा सोलेनॉइड लावताना ती बदलली नव्हती. तेलाचं चेंबर खाली घेतलं तर तळाला तोच गाळ, आणि पंपाच्या जाळीवर लोबचा बारीक चुरा.

आता हा गाळ आला कुठून, तर काकांच्या सवयीतून, आणि यात त्यांची काही चूक म्हणता येणार नाही, गाडी कमी चालवली म्हणजे गाडी जपली असंच सगळे मानतात. इंजिन दोन-तीन किमी चाललं की पाणी गरम होतं, काटा मध्ये येतो, पण तेल मागे राहतं, ते पूर्ण तापायला बराच वेळ लागतो. आतमध्ये जमलेला ओलावा आणि सिलेंडरमधून खाली आलेलं पेट्रोल उडून जायच्या आत गाडी बंद. नागपूरच्या ४५ डिग्रीत असं होत नसेल असं लोकांना वाटतं, पण बाहेरच्या ४५ नं तेल शंभरच्या जवळ जात नाही. वरून आपल्याकडची दुसरी सवय, उन्हाळ्यात एसी लावून गाडी चालू ठेवून बसायचं, शाळेसमोर, दुकानासमोर. आयडलवर तेलाचा दाब सगळ्यात कमी असतो आणि तेल पातळ झालेलं असतं, कॅमसाठी ती सगळ्यात वाईट वेळ. शिवाय किलोमीटर कमी होतात म्हणून तेल बदलायचं राहून जातं, जेव्हा की अशा गाडीचं तेल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदललं पाहिजे. समृद्धीला मी दोष देत नाही. त्या छिद्रातून जेवढं तेल येत होतं तेवढ्यावर धरमपेठ ते बर्डी निभत होतं, तासन् तास १२० नं निभलं नाही, एवढंच.

हे इंजिन याबाबतीत जास्त नाजूक का, तर यात रॉकर लोबवर घासत जातो. नंतरच्या बऱ्याच इंजिनांत तिथं छोटा रोलर असतो. घासणाऱ्या जोडीत दोन धातूंच्या मध्ये तेलाचा थर तर पाहिजेच, पण नाकावर तो थर फार पातळ होतो, तिथं तेलातलं झिंक-फॉस्फरसचं रसायन, ज्याला झेडडीडीपी म्हणतात, ते पृष्ठभागावर बसून धातू वाचवतं. एपीआयच्या एसएम ग्रेडपासून, म्हणजे २००४ नंतर, ३० आणि त्याहून पातळ ग्रेडच्या तेलात फॉस्फरस ०.०८ टक्क्याच्या वर नको अशी अट आली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून. ४० च्या ग्रेडला ती अट लागत नाही. म्हणून घासत्या रॉकरच्या जुन्या इंजिनात, आणि आपल्या उन्हाळ्यात, मी १०डब्ल्यू-४० टाकतो. २०डब्ल्यू-५० टाकून आवाज दाबायचा प्रकार मला पटत नाही, अर्ध्या बंद छिद्रातून जाड तेल अजून कमी जातं, आणि व्हीटेकच्या पिना तेलावरच सरकतात.

मग कॅम कुठला टाकायचा यावर बराच वेळ गेला. मालकाच्या डोक्यात रेसिंग कॅम. मी त्याला कागदावर काढून दाखवलं की त्याच्या इंजिनात एकाच दांड्यावर जणू दोन कॅम आधीच आहेत, एक शहरात चालायला शांत आणि एक वर ओढायला, आणि दोन्हींमध्ये बदलणारा कॉम्प्युटर त्या दोन आकारांसाठीच बसवलेला आहे. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम टाकला की खालचा टॉर्क जातो, आयडल खडबडतं, स्प्रिंग बदलाव्या लागतात, कॉम्प्युटर नव्यानं ट्यून करावा लागतो, आणि एवढं करून व्हेरायटी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये चालवायला त्रास. ज्या गाडीची वर्षानुवर्षं फक्त तीन चतुर्थांश ताकद मिळत होती तिला तिची स्वतःची पूर्ण ताकद मिळू दे, मग ठरव. तो ऐकला.

दुसरा मार्ग, आहे तोच कॅम वेल्डिंगनं भरून ग्राइंड करून घ्यायचा. हिंगणा एमआयडीसीकडं हात चांगला असलेले मशीनवाले आहेत, ट्रॅक्टरचे, जुन्या जीपचे कॅम करतात आणि चालतात. पण इथं वीस लोब, त्यात इनटेकचे तीन वेगळे आकार, आणि लोबवरचा कडक थर गेला की खालचा धातू मऊ. घासत्या रॉकरखाली मऊ लोब किती टिकणार. नाही म्हटलं.

तिसरा, मुंबईच्या कुर्ल्याहून जुना कॅम. मागवला, आला तो व्हीटेकचा नव्हताच, साध्या १.५ चा होता, खोका उघडल्याबरोबर इनटेकला तीन लोब दिसले नाहीत तिथंच कळलं. परत पाठवला. जुना कॅम मागवताना फोटोत प्रत्येक सिलेंडरचे पाच लोब मोजून घ्या, एवढं केलं तरी हा फेरा वाचतो. शेवटी दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या एका दुकानातून न वापरलेला, कंपनीच्याच खोक्यातला कॅम मिळाला, महाग मिळाला, आणि त्याच्यासोबत एक्झॉस्टचे आठही रॉकर नवीन.

रॉकरवरून मालकाशी आणि आमच्या मोठ्या मिस्त्रींशी दोघांशी वाद झाला. मिस्त्री म्हणाले, "खराब दोनच हायेत, बाकीचे चांगले हायेत, काहून आठ बदलता?" त्यांचा अनुभव माझ्याहून जास्त आहे आणि पैसे वाचवायचा विचारही गिऱ्हाईकाच्या बाजूनंच. पण जुना रॉकर जुन्या लोबवर घासून त्याच्या आकाराचा झालेला असतो, नवीन लोबवर तो पूर्ण टेकत नाही, एका कडेवर टेकतो, आणि तिथं दाब वाढून नवा लोब खातो. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की काय होतं ते मिस्त्रींनीच मला शिकवलं होतं, हे तेच. इनटेकचे रॉकर नवीन मिळालेच नाहीत. ते एकेक भिंगाखाली पाहिले, पृष्ठभाग आरशासारखे होते, मधल्या रॉकरच्या पिना बोटानं मोकळ्या सरकत होत्या, म्हणून तेच ठेवले. ही तडजोड आहे आणि ती मालकाला बिलावर लिहून दिली.

कॅप मात्र आपल्याच हेडच्या वापरायच्या, दुसऱ्या हेडच्या कधीच नाही, कारण त्या हेडसोबतच एका रेषेत बोअर केलेल्या असतात. काही लोक कॅमसोबत कॅपचा सेट पण विकतात, तो घेऊ नका.

बसवण्याचं काम सांगतो. शाफ्ट रॉकेलमध्ये भिजवून, प्रत्येक छिद्र तारेनं आणि मग हवेच्या दाबानं साफ. चेंबर, जाळी, व्हीटेकची जाळी, पीसीव्ही सगळं नवीन किंवा स्वच्छ. नव्या कॅमच्या प्रत्येक नाकावर मोलीवाली (मॉलिब्डेनमची) असेंब्ली पेस्ट, जर्नलवर साधं तेल. कॅमचं सील नवीन, दोन्ही टोकांच्या कॅपखाली लिक्विड गॅस्केटचा पातळ थर, जास्त लावला की तो आत पिळला जाऊन परत त्याच छिद्रांकडं जातो, आणि आपण तर तीच साफ केली आहेत. कॅपचे बोल्ट परत दोन-दोन आटे करत, शेवटी ८ मिमीचे २० न्यूटन-मीटर आणि ६ मिमीचे १२. हे आकडे छोटे वाटतात म्हणून लोक अंदाजानं कसतात आणि अॅल्युमिनियमचे आटे निघतात. टॉर्क पाना लावा.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलले, बेल्ट कधी बदलला याचा काही कागद नव्हता. क्रॅंक पुलीचा बोल्ट या गाड्यांत फार कडक असतो, पुली धरायचं खास टूल लागतं, एअर गननं झटके मारत बसण्यापेक्षा ते टूल बनवून घेतलेलं बरं. बेल्टचा ताण द्यायची होंडाची पद्धत अशी की क्रॅंक पाच-सहा फेरे घड्याळाच्या विरुद्ध फिरवून बेल्ट बसवायचा, टीडीसीवर आणायचा, अॅडजस्टरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करायचा, कॅमच्या पुलीचे तीन दात पुढं जातील एवढं फिरवायचं आणि तिथं बोल्ट कसायचा. अंगठ्यानं दाबून अंदाज घेणं यात चालत नाही.

आणि आता टॅपेट, जिथं नागपूरचा खरा प्रश्न येतो. मॅन्युअल म्हणतं की गॅप लावताना सिलेंडर हेडचं तापमान ३८ डिग्रीच्या खाली पाहिजे. काम आलं ते नेमकं नवतपात, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. आमचं शेड पत्र्याचं. दुपारी, चालूच न केलेल्या इंजिनच्या हेडवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ४३ च्या वर दाखवत होता. म्हणजे हात न लावलेलं इंजिनही मॅन्युअलच्या हिशेबानं गरमच. आधीच्या गॅरेजांत टॅपेट दुपारीच सेट झाले असणार, सगळेच तसं करतात, गाडी रात्रभर थंड ठेवली म्हणजे झालं असं समजून सकाळी अकराला उघडतात. पण अॅल्युमिनियमचं हेड, लोखंडाचा कॅम आणि स्टीलचे व्हॉल्व्ह सगळे वेगवेगळे फुगतात, आणि गॅपची सगळी मर्यादा मिळून चार शतांश मिलिमीटरची आहे, तिथं हा फरक सोडून देण्यासारखा नाही. कूलर लावून इंजिन थंड करायची कल्पना एकानं मांडली, पण उघड्या हेडवर कूलरचं ओलं वारं आणि त्यातली धूळ मला नको होती.

म्हणून पहाटे केलं. साडेपाचला हेडवर ३३ दाखवलं, बाहेर पोहेवाल्याचा ठेला पण लागला नव्हता. पहिला सिलेंडर टीडीसीवर, मग क्रॅंक अर्धा फेरा, म्हणजे कॅमची पुली पाव फेरा, तिसरा, तसंच पुढं चौथा आणि दुसरा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे त्याच क्रमानं. लॉकनट कसताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून कसल्यावर प्रत्येक गॅप परत पाहायची. उन्हाळ्यात तुमच्या गाडीचे टॅपेट लावायचे असतील तर मिस्त्रीला पहाटेची वेळ मागा, नाहीतर दिवाळीनंतर करा.

चालू करायच्या आधी तेल वर पोचवायला पाहिजे. पीजीएम-एफआयचा (होंडाच्या पेट्रोल इंजेक्शनचा) मेन रिले काढला म्हणजे पेट्रोल येत नाही, आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं करून स्टार्टर मारला. (हा रिले काढलाच आहे तर त्याची डाख बघून घ्या, जुन्या होंडांत ती उष्णतेनं तडकते आणि गाडी नेमकी भर उन्हात, उभी करून परत निघताना चालू होत नाही. आपल्याकडं याच्यापायी कित्येक चांगले पेट्रोल पंप बदलले जातात.) कव्हर काढूनच ठेवलं होतं, आणि चौथ्या सिलेंडरच्या रॉकरखालून तेल झिरपत बाहेर येताना सगळ्यांनी पाहिलं, मालकानं मोबाइलवर व्हिडिओ पण काढला. मग कव्हर लावून चालू केलं आणि आयडलवर न सोडता २००० ते २५०० च्या मध्ये वीस मिनिटं ठेवलं. नवीन घासती जोडी पहिल्या काही मिनिटांत एकमेकांना बसते किंवा बिघडते, आणि आयडलवर लोबवर उडणारं तेल कमी असतं म्हणून. त्यानंतर टायमिंग लाइटनं इग्निशन लावलं. तेलाच्या दाबाला गेज लावलं, गरम इंजिनवर आयडलला कमीत कमी ०.७ किलो आणि ३००० ला ३.५ किलो पाहिजे, दोन्ही त्याच्या वर होते. पंप चांगला होता हे इथं पक्कं झालं, नसता तर तोही उघडावा लागला असता.

आवाज गेला. या इंजिनाला टॅपेटचा एक बारीक, एकसारखा आवाज असतोच, स्क्रूवाले टॅपेट आहेत, तो राहणार, आणि मालकाला तो आधीच ऐकवून ठेवला. डायल गेज परत लावलं, आठही एक्झॉस्ट एका रांगेत. वर्धा रोडला जामठ्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तिथं दुसऱ्या गिअरमध्ये वर नेली, पाच हजारांच्या आसपास तो आवाज बदलतो आणि गाडी पुढं झेपावते, मालकानं काकांसोबत लहानपणी अनुभवलेली तीच जागा. तो काही बोलला नाही, परत येताना सावकाश चालवत आला.

पहिलं तेल ५०० किमीला काढलं. फिल्टर कापून पाहिला, कागदाच्या घड्यांत राखाडी पेस्टचे डाग होते, चमकणारा चुरा नव्हता. मोलीची पेस्ट तशीच दिसते, घाबरायचं नाही, बोटावर घासून पाहा, धातू असेल तर खरखरतो. नंतर ३००० किमीला, पावसाळ्यात, परत टॅपेट पाहिले. एक्झॉस्टचे सगळे जागेवर, चौथ्याच्या नवीन लोबवर नाकाला एकसारखी चकाकी, रेघ नाही. इनटेकचा दुसऱ्या सिलेंडरचा एक थोडा हलला होता, लावला, आणि जुने रॉकर ठेवलेत म्हणून त्यावर लक्ष ठेवायचं असं नोंदवहीत लिहिलं. डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगमधून तेल पाझरत होतं, ती बदलली.

मालकाला दिलेला नियम साधा आहे: तेल ५००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, आणि गाडी शहरातच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा काटोल रोडनं नाहीतर वर्धा रोडनं तेल नीट तापेल एवढं, अर्धा-पाऊण तास चालवायची. सध्या तो दर रविवारी काकूंना घेऊन रामटेकला जातो. पुढचं फिल्टर कापून बघणं आणि दुसऱ्या सिलेंडरच्या त्या इनटेकचं लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) मोजणं डिसेंबरमध्ये ठरलंय.